नोकरी सांभाळून केलेली कमाई कोणाच्या नावावर?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा कायद्याच्या विषयावर मी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण गेल्या वर्षी आमच्या घरात हा प्रश्न आला आणि त्यापायी मला सी.ए.कडे तीन खेपा घालाव्या लागल्या. तिथे ऐकले, विचारले, वहीत टिपून घेतले. आपल्या मंडळात आता कितीतरी घरी सून किंवा मुलगी नोकरी करते आणि संध्याकाळी आणखी काही काम करते. कोणी शिकवण्या घेते, कोणी भाषांतर करते, कोणी केक करून देते. त्या सर्वांच्या उपयोगी पडेल म्हणून हे सांगते.

आमची धाकटी जाऊ स्थापत्याची पदविका घेतलेली आहे. एका वास्तुरचनाकारांच्या कचेरीत नोकरीला असून पगार ३५ हजार मिळतो. रात्री जेवणे उरकली की ती संगणकावर बाहेरच्या कंत्राटदारांसाठी घरांचे नकाशे काढते. (त्या नकाशांवर सही परवानाधारक इंजिनियरचीच असते, ही फक्त आखून देते.) महिन्याला सरासरी १२ हजार होतात. म्हणजे वर्षाचे १ लाख ४४ हजार. थेंब लहान दिसतो, पण भाऊजींचे काम गेल्यापासून मुलाच्या शाळेची फी ह्याच पैशांतून जाते.

एका कंत्राटदाराने तिला सांगितले, ‘बाई, बिल कशाच्या नावाने देता ते ठरवा.’ तेवढ्यावरून कोणीतरी एजंट गाठून दिला. तो म्हणाला, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढा, १५ हजारांत सर्व कागद करून देतो, आणि नोकरीच्या ठिकाणी नाव येऊ नये म्हणून कंपनीत तुमच्या थोरल्या जाऊबाईंना घ्या. थोरली जाऊ म्हणजे मी! अशा कंपनीला निदान दोन संचालक लागतात, म्हणून सहीला माझी आठवण झाली. धाकटी मला म्हणाली, ‘ताई, नुसती सही करायची आहे.’ मी म्हटले, ‘नुसती सही असे काही नसते, आधी विचारू.’ ती दोन दिवस माझ्यावर रुसली होती, हेही सांगते. तिच्या जागी मी असते तर मीही रुसले असते. घर चालवायची काळजी तिलाच होती.

सी.ए.नी पहिला प्रश्न विचारला तो करासंबंधी नव्हता. ते म्हणाले, ‘नेमणुकीचे पत्र आणले आहे का?’ ते पत्र आमच्या घरी कपाटात होते आणि नोकरी लागल्यापासून कोणी वाचले नव्हते. त्यात स्पष्ट अट होती की, मालकांच्या लेखी परवानगीवाचून दुसरे कोणतेही काम पैसे घेऊन करू नये. आता पाहा, कंपनी काढली काय, भागीदारी केली काय, ही अट त्याने सुटत नाही. उलट कंपनीच्या संचालकांची नावे सरकारी नोंदीत असतात आणि ती कोणालाही पाहता येतात. जे लपवायला म्हणून १५ हजार द्यायचे, ते पाटी लावून सांगितल्यासारखे झाले असते. आणि माझे नाव पुढे केले असते तरी काम तिचे, कमाई तिची. कर खात्याच्या लेखी जो कमावतो त्याचेच ते उत्पन्न. नोटीस आली तर उत्तर मात्र मी द्यायचे, आणि नकाशातले मला ओ की ठो कळत नाही.

ज्यांचे यजमान किंवा मुले सरकारी नोकरीत आहेत त्यांनी अधिक जपावे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे सरकारी नोकराला पूर्वपरवानगीखेरीज खासगी धंदा करता येत नाही, आणि घरातल्या माणसाने धंदा सुरू केला तर तेही कचेरीला कळवावे लागते. तुम्ही घरी मसाले करून विकत असाल तर यजमानांना ही गोष्ट जरूर सांगा.

धाकटीने शेवटी धीर करून साहेबांना अर्ज दिला. आठ दिवस उत्तर नव्हते. त्या आठ दिवसांत आमच्या घरी कोणी धड जेवले नाही. मग परवानगी आली, दोन अटींवर: कचेरीच्या गिऱ्हाइकांचे काम घ्यायचे नाही आणि कचेरीचा संगणक वापरायचा नाही. दोन्ही अटी रास्त आहेत असे माझे मत आहे.

आता धंद्याचे रूप कोणते घ्यावे त्याविषयी. सर्वांत साधे म्हणजे स्वतःच्या नावावरचा एकटीचा धंदा. त्याला निराळा पॅन लागत नाही, आपलाच चालतो. नफा पगारात मिळवायचा आणि एकच विवरणपत्र भरायचे. दुकान व आस्थापनेचा महाराष्ट्राचा कायदा २०१७ चा आहे. त्यात कामगार ठरावीक संख्येपेक्षा कमी असतील तर नोंदणी नको, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे, ती आधार व पॅनवर होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. सरकारीसारख्या दिसणाऱ्या जागा करून तिच्यासाठी पैसे उकळणारे पुष्कळ आहेत, तेव्हा सावध राहावे. जीएसटीची नोंदणी सेवेच्या कामाला वर्षाला २० लाखांपर्यंत लागत नाही. मात्र नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावून घ्यायचा नाही, तो गुन्हा होतो.

ह्या साध्या रूपात एक उणीव आहे. धंद्यात देणे झाले तर ते आपल्या स्वतःच्या मालमत्तेतून फेडावे लागते. कंपनीत तसे नसते, म्हणून कंपनी चांगली म्हणतात. पण नकाशे आखणारीच्या अंगावर असे कितीसे देणे येणार? तिने कर्ज काढलेले नाही, माल उधार घेतलेला नाही. उलट कंपनीला धंदा होवो न होवो, दरवर्षी हिशेबतपासणी सक्तीची आहे, आणि वार्षिक फॉर्म वेळेवर न भरल्यास दर फॉर्ममागे रोजचे १०० रुपये. ऐंशी दिवस विसरले तर एका फॉर्मचे ८ हजार झाले! २०१३ च्या कायद्याने एकाच माणसाची कंपनीही काढता येते, पण हिशेबतपासणी तिलाही चुकत नाही. मर्यादित दायित्वाची भागीदारी म्हणून एक प्रकार २००८ च्या कायद्याने आला. त्यात ४० लाखांच्या आत उलाढाल आणि २५ लाखांच्या आत भांडवल असेल तर तपासणी लागत नाही. पण तिथे भागीदारांचा मेहनताना वगैरे वजा जाता उरलेल्या नफ्यावर पहिल्या रुपयापासून शेकडा तीस कर आहे. साध्या भागीदारीलाही तोच दर.

आता एकटीच्या नावावर काय झाले ते ऐका. काही ठरावीक व्यवसायांना सरकारने सवलत ठेवली आहे: जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवा, खर्चाच्या पावत्या मागणार नाही. धाकटीचे काम त्यात बसते असे सी.ए.नी पाहून सांगितले. तेव्हा १ लाख ४४ हजारांचे ७२ हजार. पगाराचे ४ लाख २० हजार. दोन्ही मिळून ४ लाख ९२ हजार, आणि पगारदारांना मिळणारी ७५ हजारांची वजावट जाता राहिले ४ लाख १७ हजार. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नाला सूट मिळून कर शून्य होतो. तिथे शून्य आणि कंपनी केली तर खर्चच खर्च! हे आकडे मी स्वतः दोनदा मांडून पाहिले.

पण कर नाही म्हणून विवरणपत्र भरायचे नाही असे नव्हे. तिचा एक मोठा कंत्राटदार वर्षाला ७२ हजार देतो आणि कायद्याप्रमाणे शेकडा दहा कापून घेतो. ते ७ हजार २०० रुपये विवरणपत्र भरले तरच परत मिळतात. आणि नुसत्या पगारवाल्यांचा ‘सहज’ नावाचा फॉर्म तिला चालत नाही, ‘सुगम’ भरावा लागतो. शिवणकाम, खाद्यपदार्थ अशा धंद्यांना निम्म्याचा हिशेब लागू नाही. त्यांना रोखीच्या जमेवर शेकडा आठ आणि बँकेतून आलेल्या जमेवर शेकडा सहा नफा धरता येतो.

ज्या दोघी-तिघी मिळून काही करीत असतील त्यांची गोष्ट निराळी. पापड तुम्ही लाटायचे, विकायचे तिने, मग एकीच्या नावावर धंदा ठेवला तर दुसरीचा हक्क तोंडीच राहतो. तिथे १९३२ च्या कायद्याची भागीदारी करावी, कोणाचा वाटा किती ते मुद्रांकाच्या कागदावर लिहावे आणि नोंदवावे. नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसलेल्या भागीदारीला पैसे बुडवणाऱ्यावर दावा लावता येत नाही. मैत्रिणी असल्या तरी लिहा, किंबहुना मैत्रिणी आहात म्हणूनच लिहा. गिरगावातल्या सात जणींनी १९५९ साली ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केले. संस्था म्हणून त्याची नोंदणी १९६६ साली झाली. आधी काम, मग कामाला शोभेल असे रूप, असा तो क्रम होता.

धाकटीने आता बँकेत वेगळे खाते काढले आहे. बिलांना अनुक्रमांक घातला आहे. माझ्याकडे जमाखर्चाची वही दिली आहे, ती मी रोज रात्री लिहिते. बाजारहाटाची वही लिहिण्याची सवय कामी आली. ती वही आज मी बरोबर आणली आहे. कोणाला पाहायची असेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे यावे. गिऱ्हाइकांच्या नावांवर मी कागद चिकटवले आहेत, तेवढे मात्र कोणी उचलून पाहू नयेत.