हिशेब मागणारी प्रजा

१९४४ च्या ‘मुंबई योजने’च्या आठ कर्त्यांपैकी एक असलेल्या ए. डी. श्रॉफ यांनी, आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले त्याच १९५६ साली, ‘फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज’ स्थापावा, हे वरकरणी विसंगत वाटते. परंतु नियोजनात शासनाचा वाटा मान्य करणे निराळे आणि त्या शासनास जाब विचारण्याचा हक्क सोडणे निराळे. याच व्यासपीठावरून १९५८ पासून नानी पालखीवाला अर्थसंकल्पाची चिकित्सा करू लागले. मुंबईच्या एका हॉटेलातील लहानशा दालनात आरंभ झालेली ती व्याख्याने पुढे ब्रेबोर्न स्टेडियमवर होऊ लागली. वक्त्याचे प्रत्येक मत सर्वांना पटले असेलच असे नाही. पण सरकार आपला पैसा कसा घेते व कोठे वेचते, हे ऐकावयास हजारो करदाते येऊन बसत. तेवढ्या वेळेपुरती प्रजा धनी होई आणि शासन तिचा कारभारी.