उन्हाची राखण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी आपल्या वर्धापनदिनाला बाहेरच्या कोणी विदुषी येऊन बोलतात आणि आपण ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी ठरविले की, आपल्यातल्याच एकीने उभे राहावे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. तेव्हा फार खोलातले माझ्याकडून कोणी अपेक्षू नये. परंतु विषय असा दिला आहे की, त्यात आपण सगळ्याच थोड्या थोड्या पंडित आहोत. विषय आहे, अन्नाची नासाडी थांबविणारे आणि त्यासाठी उन्हासारखी स्वच्छ शक्ती वापरणारे नवे उद्योग. हल्ली अशा उद्योगांना 'स्टार्टअप' म्हणतात. शिकलेली चार तरुण मुले-मुली एकत्र येतात, एखादी नवी युक्ती काढतात आणि तिच्यावर कंपनी उभी करतात, एवढाच त्याचा अर्थ.

प्रथम कोणी विचारील की, भाजी नासली तर नुकसान त्या घरचे. त्यात पर्यावरणाचा काय संबंध? संबंध असा की, नासलेल्या टोपलीबरोबर पुष्कळ काही नासते. विहिरीचे पाणी, पंपाची वीज, खताची गोणी, टेंपोचे डिझेल आणि बाईच्या खुरपणीचे दिवस, हे सारे त्या टोपलीत भरलेले असते. पुढे तीच भाजी उकिरड्यावर ढिगाखाली दबली, हवा लागेनाशी झाली की तिच्यातून मिथेन नावाचा वायू निघतो. धुराड्यांतून निघणाऱ्या कार्बन वायूपेक्षा हा मिथेन, शंभर वर्षांच्या हिशेबाने, पंचवीस पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण खात्याने २०२४ साली एक अहवाल काढला. त्यात २०२२ या एका वर्षात जगभर दुकाने, खानावळी आणि घरे मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, असे दिले आहे. त्यातले ६० टक्के घरांतून गेले. शेतात आणि वाटेत नासलेले याहून वेगळे. आकडा मोठा असला तरी त्यातला वाटा तुमच्या-माझ्या पातेल्यातला आहे, हे ध्यानात ठेवावे.

आता अन्न नासते कशाने? त्यातल्या पाण्याने. कांद्यात शेकडा ८५ च्या वर पाणी असते, टोमॅटोत ९४ च्या आसपास. पाणी आहे तोवर बुरशीला आणि जंतूंना घर आहे. पाणी काढून घेतले की त्यांचे बिऱ्हाड उठले. हे आपल्या आज्या-पणज्यांना पुस्तकावाचून ठाऊक होते. म्हणून तर चैत्र-वैशाखात गच्चीवर सांडगे, कुरडया, पापड, भरल्या मिरच्या पडत. गवारी आणि मेथी वाळत. चिंच आणि आमसुले वर्षभराची होत. वाळवण म्हणजे आपले जुने अन्नशास्त्रच.

पण या शास्त्रात काही उणिवा आहेत, त्याही मान्य करू. उघड्यावर धूळ बसते, माशा बसतात, कावळे चोच मारतात. काळे फडके बांधून पोराला काठी देऊन बसवावे, तर पोर पतंगामागे पळते. थेट उन्हाने मेथीचा हिरवा रंग उडतो, टोमॅटो काळवंडतो. वळिवाची एक सर आली की आठ दिवसांची मेहनत पाण्यात. घरच्या खाण्याला असे वाळवण चालते; बाजारात नेले की गिऱ्हाईक नाक मुरडते.

नेमक्या याच उणिवा हेरून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या काही तरुणांनी काम केले. मुंबईकर जुन्या नावाने तिला अजून यूडीसीटी म्हणतात. त्यांतले वैभव तिडके आणि निधी पंत ही नावे वर्तमानपत्रांतून आपण वाचली असतील. त्यांच्या कंपनीचे नाव एस फॉर एस टेक्नॉलॉजीज. त्यांनी उन्हावर चालणारे वाळवणयंत्र केले, त्याला विजेची तार लागत नाही. पद्धत समजायला सोपी आहे. काळा रंग दिलेले धातूचे पत्रे उन्हाने तापतात आणि त्यावर पसरलेल्या फोडींना खालून ऊब देतात, जशी तव्याची ऊब भाकरीला. वरच्या पारदर्शक आवरणातून ऊन आत येते. धूळ आणि माशी बाहेर राहते. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, फोडींतली वाफ बरोबर घेऊन बाहेर पडते आणि तिच्या जागी खालून नवी हवा शिरते. चुलीच्या धुराड्याचाच हा न्याय.

या कंपनीची दुसरी गोष्ट मला यंत्राहून मोठी वाटते. बाजारात ज्याला भाव येत नाही असा लहान-मोठा, वेडावाकडा पण चांगला माल घेऊन तो वाळविण्याचे काम खेड्यांतल्या शेतकरी बायका करतात आणि वाळलेला माल कंपनी परत विकत घेऊन खाद्यपदार्थ करणाऱ्यांना विकते. हे काम आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या बाजूला, मराठवाड्यात वाढले. २०२३ च्या नोव्हेंबरात सिंगापूर येथे या कंपनीला 'अर्थशॉट' पारितोषिक मिळाले. ब्रिटनच्या युवराजांनी सुरू केलेले हे पारितोषिक दहा लाख पौंडांचे आहे आणि कचरामुक्त जगासाठी केलेल्या कामाबद्दल ते यांना दिले गेले. आपल्या मराठवाड्याच्या उन्हाचे इतके कौतुक याआधी कोणी केले नसेल!

उन्हाने नेमके किती वाचते, याचे गणित माझ्या धाकट्या मुलीने मला मांडून दाखविले. सोलून-चिरून १० किलो कांदा घेतला तर वाळून तो सव्वा किलोच्या आसपास भरतो. म्हणजे पावणेनऊ लिटर पाणी उडाले. एक लिटर पाण्याची वाफ करायला अर्ध्या युनिटाहून अधिक वीज लागते. सगळ्या पाण्याला, काहीही उष्णता वाया गेली नाही असे धरले, तरी साडेपाच युनिटे. कारखान्यात ही उष्णता कोळसा, लाकूड किंवा गॅस जाळून आणावी लागते. उन्हाला मीटर नाही.

पण भगिनींनो, उन्हाला मीटर नसले तरी बाईच्या श्रमाला असावे, आणि आज मला मुख्यतः हेच सांगावयाचे आहे. माझ्या जाऊबाईंच्या माहेरी एका घरी असे सौर वाळवणयंत्र आहे. गेल्या उन्हाळ्यात मी ते पाहून आले. घरची सून कांद्याच्या चकत्या जाळीवर पसरीत होती. मी विचारले, "काय गं, जड जात नाही का? एवढं चिरायचं म्हणजे डोळ्यांना धारा."

ती म्हणाली, "काकू, धारा आधीपण होत्याच की. आता महिन्याला पासबुकात आकडा पडतो माझ्या नावाचा. धाकटीची फी मी भरली, कुणाला मागितली नाही."

तिच्या सासूबाई शेजारी लसूण सोलीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आम्ही जन्मभर वाळवलं, पण आमचं वजन कुणी केलं नाही." हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

आपल्या मंडळाचाही अनुभव याच जातीचा आहे. तीन वर्षांपूर्वी शहरातल्या एका व्यापाऱ्याने आपल्याकडून कुरडया करून घेतल्या. गहू भिजविणे, चीक काढणे, पहाटे चूल पेटविणे, सारे आपले. माल नेताना त्याने काटा आपला आणला, तुटक्या कुरडया वजनातून वगळल्या, पण परत दिल्या नाहीत. पैसे दिवाळी उलटल्यावर आले आणि तेही बोलीपेक्षा कमी. यंत्र कितीही सुधारले आणि काटा मात्र दुसऱ्याच्या हातात राहिला, तर पृथ्वी वाचेल, पण बाई होती तिथेच राहील.

उलट उदाहरणही आपल्याच मुलखातले आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड वाळत घातले. त्याचेच पुढे लिज्जत पापड झाले. तिथे पापड लाटणारी प्रत्येक बहीण संस्थेची भागीदार असते. युक्ती साधी, पण वही त्यांनी स्वतःच्या हातात ठेवली.

म्हणून कंपन्यांशी काम करू नये, असे माझे म्हणणे नाही. गिऱ्हाईक शोधणे, माल तपासून घेणे, दूरवर पाठविणे ही कामे घरबसल्या होत नाहीत. वाळवलेला माल खपला नाही तर तोही वाया गेलेलाच. कंपनी जरूर असावी. मात्र दर आधी लेखी ठरावा, वजन दोघांसमोर व्हावे आणि पैसे जिने काम केले तिच्या खात्यात जावेत.

जाता जाता खरकट्याविषयी. जे वाळविता येत नाही, शिळा भात, पोळीचे तुकडे, भाताची पेज, त्याचे काय? पुण्याच्या 'आरती' या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी त्यावर उपाय काढला. हे महर्षी कर्व्यांचे नातू आणि इरावतीबाईंचे चिरंजीव. प्लॅस्टिकच्या दोन टाक्या, एकीत दुसरी पालथी; आत खरकटे कालवून ओतायचे आणि वरच्या टाकीत साठलेला गॅस शेगडीला जोडायचा. दोन किलो पिष्टमय खरकट्यातून एका दिवसात जेवढा गॅस मिळतो तेवढ्यासाठी चाळीस किलो शेण आणि चाळीस दिवस लागतात, असे संस्थेचे म्हणणे. या कामाला २००६ साली लंडनचे ॲशडेन पारितोषिक मिळाले. उकिरड्यावर जो मिथेन हवेत गेला असता तोच इथे चहाचे आधण ठेवतो, आणि उरलेला रबडा कुंडीतल्या झाडांना होतो.

आता मंडळापुढे माझी सूचना. आपल्या वैजापूर तालुक्यात कांदा पिकतो आणि भाव पडला की तो रस्त्याकडेला पडलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. मंडळाच्या शिल्लक निधीतून एक लहान सौर वाळवणयंत्र घ्यावे आणि पावसाळ्यापूर्वीचा एक हंगाम चालवून पाहावे. लगेच विकण्याची घाई नको. विकायचे तर अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी लागते. पहिल्या हंगामात घरापुरते करू आणि वही ठेवू: ओले वजन, सुके वजन, कोणी किती तास काम केले. हिशेबाचे महत्त्व पाहा. समजा, कांदा १६ रुपये किलोने घेतला, तर १० किलोचे १६० आणि वाळून सव्वा किलो. म्हणजे सुक्या कांद्याला किलोमागे १२८ रुपये नुसते कांद्याचेच पडले. तोच ४ रुपयांनी मिळाला तर ३२. त्यावर आपली मजुरी आणि पिशवी. तेव्हा हा उद्योग महागाईत आतबट्ट्याचा आणि स्वस्ताईत फायद्याचा; जेव्हा शेतकरी रडतो तेव्हाच त्याचा माल उचलणारा. यातच त्याचे पुण्य आणि त्यातच त्याचा नफा.

वाळवणाविषयी अनुभवाच्या दोन गोष्टी सांगून थांबते. चकत्या सारख्या जाडीच्या असाव्यात, नाही तर पातळ करपतात आणि जाड ओल्या राहतात. कांदा वाकला तर अजून ओला, कडकन मोडला तर झाला. गार झाल्यावरच काचेच्या बरणीत भरावा आणि दुसऱ्या दिवशी बरणीच्या आतल्या बाजूला दव दिसले तर पुन्हा उन्हात घालावा.

ज्यांना या कामात यायचे असेल त्यांनी चहापान झाल्यावर चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत. तराजू मात्र मंडळाचाच घेऊ.