नाण्याची झळाळी आणि झीज

जुनें नाणें हातीं आलें कीं आपल्या घरांत पहिली धांव चिंचेकडे! मींहि बाळपणीं एक काळवंडलेला पैसा असाच घांसला. तो लखलखला खरा, पण एका जाणत्या गृहस्थांनीं तो पाहून म्हटलें, "आतां हा नुसता तांब्याचा तुकडा उरला."

चकाकी दोन तऱ्हेची असते. टांकसाळींत ठशाच्या आघातानें धातु कडेकडे सरकतो. त्या सूक्ष्म रेषांवरून, नाणें कलतें करतांच, प्रकाश फिरतो. ही मूळ झळाळी. घांसून आणलेली चकाकी मात्र निर्जीव. झिलईदार ठशांनीं मुद्दाम पाडलेलीं 'प्रूफ' नाणीं आरशासारखीं दिसतात; परंतु तो घडणीचा प्रकार झाला, प्रत नव्हे. तेंहि खिशांत फिरलें तर उतरतेंच. प्रत ठरते झिजेवरून, आणि झीज प्रथम दिसते ती उंचवट्यांवर, म्हणजे राजाच्या गालावर किंवा केसांवर.

वाशीम जिल्ह्यांतील तऱ्हाळ्याचेंच पाहा. मंगरूळपीर तालुक्यांतील या गांवीं १९३९ सालीं सातवाहनांचीं दीड हजारांहून अधिक पोटीनचीं नाणीं सांपडलीं. एका अंगास सोंड उचललेला हत्ती, दुसऱ्या अंगास उज्जयिनी-चिन्ह. राजनाम बहुधा अर्धवटच उमटलेलें. बाजारी प्रतवारींत असलें नाणें खालींच बसावयाचें. परंतु त्याच तुटक अक्षरांवरून वासुदेव विष्णु मिराशी यांनीं कुंभ व कर्ण हे पुराणांना ठाऊक नसलेले शातकर्णि उजेडांत आणले. त्यांवर कुणाच्या चिंचेचा हात फिरला असता तर?

तेव्हां नाणें कडांनीं धरावें, दिव्याखालीं कलतें करावें, आणि आधीं अक्षरें वाचावीं.