मनाचे औषध आणि पथ्यपाणी

मराठी भाषेत औषध सहसा एकटे येत नाही. घरोघरी ‘औषधपाणी’ होते आणि त्याच्या पाठोपाठ ‘पथ्यपाणी’ येते. वडीलधाऱ्यांना मधुमेह जडला की भाताचे माप ठरते, संध्याकाळची फेरी ठरते. परंतु त्याच वडीलधाऱ्यांना नैराश्यावर किंवा अन्य मनोविकारावर गोळी सुरू झाली, की ती डब्याच्या तळाशी लपते. तिच्या पथ्याची चौकशी कोणी करीत नाही. वास्तविक उतारवयात ताट, पाय आणि गोळी ही तीन निराळी प्रकरणे राहत नाहीत. एकाला धक्का लागला की उरलेली दोन्ही हलतात.

लिथियमचेच उदाहरण घ्यावे. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादावरील त्याचा गुण प्रसिद्ध केला, आणि मनाच्या टोकाच्या चढउतारांवर ते आजही एक प्रमुख औषध आहे. लिथियम हा मिठातील सोडियमचा भाऊबंद. शरीरात मीठ व पाणी पुरेसे असते तोवर मूत्रपिंड त्याला वाट देते. ते कमी पडले, की सोडियमबरोबर लिथियमही धरून ठेवते. वयोमानाने मूत्रपिंडाची शक्ती घटलेली असते, तहानही मंदावलेली असते. अशा वेळी कोणी रक्तदाबासाठी एकाएकी अळणी जेवू लागले, भर वैशाखात निर्जळी उपवास धरला, किंवा जुलाबांनी अंग सुकले, तर नेहमीचीच मात्रा विषवत् होऊ शकते. सांधेदुखीवरील आयबुप्रोफेन आणि लघवी वाढविणाऱ्या काही गोळ्याही तोच अनर्थ घडवितात. हात कापतात, तोल जातो, बोलणे अडखळते. घरचे म्हणतात, ‘आता वय झाले.’ वय झालेले असतेच. पण दोष त्याचा नसतो, आणि वेळीच रक्त तपासले तर तो सापडतो.

झोपेच्या गोळीची गोष्ट निराळी, धोका मात्र तितकाच. वाढत्या वयात स्नायू आटतात आणि शरीरातील चरबीचा वाटा वाढतो. डायझेपाम चरबीत मुरते. म्हणून ते वृद्धाच्या अंगात तरुणापेक्षा कितीतरी अधिक काळ रेंगाळते. मध्यरात्री न्हाणीघराकडे निघालेले पाऊल मग चुकते, आणि खुब्याचे हाड मोडते. तथापि दीर्घकाळ घेतलेली ही गोळी एका दिवसात टाकून देणेही घातकच. त्याने झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती हळूहळू कमी करावी लागते.

मग व्यायामाचा गुण किती? अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पन्नाशी गाठलेल्या १५६ नैराश्यग्रस्तांचे तीन गट केले होते. एकाला व्यायाम, दुसऱ्याला सर्ट्रालीन हे औषध, तिसऱ्याला दोन्ही. १६ आठवड्यांअखेर तिन्ही गटांतील सुधारणा जवळजवळ सारखीच आढळली; मात्र औषधाचा गुण लवकर दिसू लागला होता. यावरून गोळी फेकावी असा अर्थ कोणी काढू नये. जो अन्नपाणी सोडून अंथरुणाला खिळला आहे, त्याला फिरायला जा असे सांगून काय उपयोग? त्याला आधी औषधाने उठवून बसवावे लागते. पुढे चालते पाय मनाला सावरून धरतात. पासष्टीनंतर आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि तीन दिवस तोल व ताकद राखणारा व्यायाम, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे.

आहाराकडेही असेच पाहावे. ब-१२ जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या दूध, अंडी, मांस अशा प्राणिज अन्नातूनच मिळते, आणि अनेक वृद्धांच्या शरीरात ते नीट शोषले जात नाही. त्याच्या उणिवेने येणारी उदासी व विस्मृती गोळी वाढवून कशी हटणार?

म्हणून एका कागदावर सर्व गोळ्या, उपवास, मिठाचे प्रमाण आणि रोजचे चालणे लिहून तो कागद डॉक्टरांपुढे ठेवावा. मनाच्या दुखण्याविषयी बोलण्यास कोणी जवळ नसेल, तर २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक देशभर उपलब्ध आहे.

घराने करावयाचे काम याहून सोपे आहे. ‘आजोबा, गोळी घेतलीत का?’ हा प्रश्न पुष्कळ घरांत विचारला जातो. त्याला ‘पाणी प्यालात का? आज दोघे फिरायला जाऊ या का?’ एवढी जोड मिळाली, म्हणजे औषधपाणी हा शब्द पुरा झाला.