छायाचित्र : टिपण्यापासून संस्करणापर्यंत
(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेचा हीरक महोत्सव आला की घरोघरी जुने अल्बम उघडले जातात आणि वर्गाचा ग्रुप फोटो हाती येतो. प्रत्येक जण प्रथम स्वतःला शोधतो, मग बाकावरच्या सोबत्याला आणि मग मधल्या खुर्चीवर बसलेल्या बाईंना. जो चेहरा सावलीत बुडाला किंवा हलल्यामुळे पुसट झाला, तो मात्र कितीही निरखला तरी सापडत नाही. एखाद्या शिक्षकांचे शाळेजवळ तेवढे एकच छायाचित्र असेल, तर ही हानी कधीच भरून येत नाही. म्हणून छायाचित्रणाचे तंत्र हा निव्वळ हौसेचा विषय नव्हे.

फोटो कसाही काढावा, पुढे संगणकावर तो सुधारता येतो, असा एक समज आज रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. संस्करण कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रकाशावर काम करते. जो प्रकाश टिपलाच गेला नाही, तो ते परत आणू शकत नाही. अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सल अॅडम्स यांचे न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावरील चंद्रोदयाचे चित्र याची साक्ष देते. १९४१ सालच्या त्या संध्याकाळी ऐनवेळी त्यांना प्रकाशमापक सापडेना. चंद्राची तेजस्विता त्यांना ठाऊक होती. तिच्यावरून त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि चित्र घेतले. दुसरे घेण्याची तयारी होईतो दफनभूमीतील क्रुसांवरचे ऊन सरले होते. पुढे १९४८ साली त्यांनी त्या निगेटिव्हच्या खालच्या भागावर रासायनिक प्रक्रिया केली आणि काही दशके प्रती छापताना आकाश अधिकाधिक गडद करीत नेले. हे सारे संस्करणच होते. परंतु तो एक क्षण नेमका टिपला गेला नसता, तर संस्करणाला आधारच उरला नसता.

शाळेच्या मैदानावर हेच तत्त्व लागू पडते. भर दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात आणि मुले डोळे मिचकावतात. त्यापेक्षा इमारतीची मोकळी, एकसारखी सावली किंवा सकाळचे कोवळे ऊन बरे. छिद्र, वेग आणि संवेदनक्षमता या तिन्हींचा मेळ म्हणजे प्रकाशाचा हिशेब. छिद्र लहान केले की अधिक खोलीपर्यंतचे चेहरे रेखीव येतात. म्हणून तीन रांगांच्या समूहासाठी एफ/८ च्या आसपासचे छिद्र योग्य ठरते. मुले स्थिर राहत नाहीत, तेव्हा वेग सेकंदाच्या १/१२५ पेक्षा मंद नसावा. एवढ्याने प्रकाश अपुरा पडला, तर आयएसओ ४०० किंवा ८०० करावा. चित्रात थोडे कण दिसले तरी चालतात, हललेला चेहरा मात्र पुढे कशानेही सावरत नाही.

कॅमेऱ्याचा स्वयंचलित मापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. त्यामुळे पांढऱ्या गणवेशातील वर्ग मळकट दिसतो, तर काळ्या पडद्यापुढे उभ्या असलेल्या वक्त्याचा चेहरा पांढराफटक पडतो. पहिल्या वेळी प्रकाश किंचित वाढवावा, दुसऱ्या वेळी कमी करावा. मात्र पांढऱ्या सदऱ्याच्या घड्या दिसेनाशा होतील इतका तो वाढवू नये, कारण तेथील तपशील एकदा गेला की परत मिळत नाही. मोबाईलच्या अतिरुंद भिंगाने कडेची मुले ताणलेली दिसतात, म्हणून चार पावले मागे सरकून नेहमीचे भिंग वापरावे. आणि कोणाचे ना कोणाचे डोळे मिटलेले असतातच, हे धरून किमान सात-आठ चित्रे घ्यावीत.

यानंतर संस्करण. कॅमेऱ्यात 'रॉ' स्वरूपाची सोय असेल, तर ती वापरावी. नेहमीच्या जेपेग चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटांच्या रॉ चित्रात १६,३८४. सावलीतील चेहरा उजळताना हा फरक कळतो. कामाला क्रम असावा. आधी चौकट सरळ करावी, मग रंगसमतोल साधावा, कारण सावलीतील चित्र निळसर येते. त्यानंतर एकूण उजेड, मग एखाद्याच काळवंडलेल्या चेहऱ्यावर हलका हात, आणि रेखीवपणा सर्वांत शेवटी. मूळ चित्र अबाधित ठेवून प्रतीवरच काम करावे. १० × ८ इंचांच्या चांगल्या छपाईसाठी साधारण ३००० × २४०० बिंदू लागतात. संदेशांतून फिरून आलेली प्रत बहुधा तेवढी उरत नाही.

येथे तंत्राइतकाच विवेकाचा प्रश्न उभा राहतो. रंगीत फिल्मच्या काळात प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी कोडॅकची 'शर्ली कार्ड' म्हणून ओळखली जाणारी नमुनापत्रे मिळत. त्यांवर दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचेच चित्र असे. साहजिकच सावळ्या त्वचेच्या छटा पुष्कळदा नीट उमटत नसत. यंत्राची ती उणीव आज बरीच दूर झाली आहे, आता उणीव उरली आहे ती माणसाच्या नजरेत. मोबाईलचा 'ब्यूटी' फिल्टर एका स्पर्शात मुलीचा सावळा रंग उजळतो, गालावरचा तीळ पुसतो, आणि आईवडीलच ते चित्र कौतुकाने पुढे पाठवतात. आपण आहोत तशा पुरेशा नाही, हे त्या मुलीला न बोलता सांगितले जाते. सावलीत बुडालेला चेहरा उजेडात आणणे हे संस्करण. तो चेहराच बदलणे हे असत्य. अॅडम्स यांनी आकाश गडद केले ते चित्रकलेच्या स्वातंत्र्याने. शाळेच्या समूहचित्राला ते स्वातंत्र्य नाही, कारण ते पुराव्याचे चित्र आहे.

शेवटचे काम सर्वांत सोपे आणि सर्वाधिक दुर्लक्षित आहे. चित्रासोबत साल, इयत्ता आणि रांगेनुसार डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचे नाव लिहून ठेवावे. शिपाईमामांचे आणि सेविकाबाईंचेही. प्रती तीन असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी ठेवावी. महाराष्ट्रापासून दूर वसलेल्या मराठी कुटुंबांच्या पिढ्या कामधंद्यानिमित्त आणखी दूर पांगतात, आणि नावांची ओळख ज्यांच्या स्मरणात आहे, ती माणसे दरवर्षी कमी होतात.

पंधरा वर्षांनी अमृतमहोत्सव येईल. त्या दिवशी कोणी आजचे चित्र हाती घेईल आणि आपल्या आजीला शोधील. तिचा चेहरा रेखीव असावा, तिचा रंग तिचाच असावा आणि चित्राखाली तिचे नाव असावे. त्यासाठी जे करायचे, ते आजच करावे लागेल.