मोहटीचे तेल आणि हुळहुळी कातडी



जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात मोहाचे झाड ठाऊक नाही असा माणूस सापडणे कठीण. फाल्गुन-चैत्रात पहाटे टोपल्या घेऊन बायका-मुले झाडाखाली जातात ती फुले वेचायला. मोहाच्या फुलांविषयी आजवर पुष्कळ बोलले गेले आहे. आज मला बोलायचे आहे ते फुलानंतर येणाऱ्या फळाविषयी, म्हणजे त्याच्या पोटातल्या बीविषयी. ही बी म्हणजे मोहटी. तिचे तेल आपल्याकडे पूर्वीपासून दिव्याला, खाण्याला आणि अंगाला लावण्याला वापरले गेले. त्यातले अंगाला लावणे हा आजचा विषय.

आपल्या लोकांचे हातपाय वर्षभर काय काय सोसतात, ते आधी पाहू. आषाढात आवणी चालू असते. दिवसच्या दिवस पाय चिखलात. दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. तिथे ओली माती हाताळायची, वर कोरडा वारा आणि भट्टीची धग. हातांना चिरा पडतात, टाचा फुटतात, आणि काहींची कातडी तर इतकी हुळहुळी होते की अंघोळीचे पाणीसुद्धा झोंबते. असे का होते?

आपल्या घराचा कुड डोळ्यांपुढे आणा. आत कारवीच्या काठ्या, वर शेणमातीचा लिंपा. लिंपा शाबूत आहे तोवर घरात वारा शिरत नाही. तो तडकला की फटीफटीतून गारठा आत येतो. कातडीचेही तसेच आहे. तिच्या सर्वांत वरच्या थरात मेलेल्या पेशी काठ्यांसारख्या दाटीने रचलेल्या असतात आणि त्यांच्यामधल्या जागा स्निग्ध पदार्थाने लिंपलेल्या असतात. सारखे पाणी, कपडे धुण्याचा साबण, सोडा, कोरडी हवा यांनी हा लिंपा धुऊन जातो. मग आतला ओलावा उडून जातो आणि बाहेरचे तिखट पदार्थ आत शिरतात. खाज, लाली, आग ही सारी त्याची लक्षणे.

मोहटीचे तेल इथे जे काम करते ते साधे आहे. गेलेल्या लिंप्याच्या जागी ते काही वेळ लिंपा धरते आणि आतला ओलावा उडू देत नाही. मोहटीच्या गरात वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत तेल असते. त्यात ऑलेइक आम्ल सर्वांत अधिक, त्याच्या जोडीला पामिटिक आणि स्टिअरिक ही घट्ट आम्ले. या घट्ट आम्लांमुळेच मोहटेल थंडीत तुपासारखे थिजते. मार्गशीर्षात बाटली थिजली म्हणून कुणी घाबरू नये. कोमट पाण्यात उभी करून ठेवली की तेल पुन्हा पातळ होते. शहरांत आणि परदेशांत हेच थिजलेले तेल ‘मोवरा बटर’ या नावाने नाजूक त्वचेच्या मलमांत घालतात. आपण मोहटी पोत्याने विकतो, आणि तिचाच गुण नंतर छोट्या डबीत भरून बाजारात येतो!

आता ते लावायचे कसे? कोरड्या अंगावर तेल चोपडण्यात फारसा लाभ नाही. टाचा फुटल्या असतील तर दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात पाय ठेवावेत. मऊ झालेली मेलेली कातडी हलक्या हाताने काढावी. ब्लेड लावू नये. पाय टिपून घ्यावेत आणि किंचित ओल असतानाच तेल लावावे, म्हणजे ती ओल आत कोंडली जाईल. रात्री वर सुती फडके गुंडाळावे. मात्र बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील तर तिथे तेल नको. त्या जागेला कोरडेपणा हवा असतो. अंघोळीला कपड्याचा साबण वापरायचा आणि मग तेल लावून दाह शमण्याची वाट बघायची, हेही बरोबर नाही. आधी साबण बदला.

तेलाची पारखही हवी. मोहटी गोळा होते ती नेमकी पावसाच्या तोंडावर. ती नीट वाळली नाही तर बुरशी धरते. अशा बीचे तेल लवकर खवट होते, आणि खवट तेल हुळहुळ्या कातडीला शमवण्याऐवजी चेतवते. म्हणून गर वाळवून मगच घाण्यावर न्यावा. तेल स्वच्छ, कोरड्या बाटलीत, उजेडापासून दूर ठेवावे. वास बदलला की ते अंगाला लावू नये.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. झाडपाल्याचे आहे म्हणजे निरुपद्रवी आहे, असे आपण सहज म्हणतो. पण मोहटीचीच पेंड पाहा. तेल काढल्यावर उरलेल्या पेंडीत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. पाण्यात घुसळली की तिला फेस येतो, आणि ओढ्यात टाकली की मासे गुंगतात. एकाच बीचे तेल सौम्य आणि पेंड जहाल! बिब्बा तर रानातलाच. धोबी कपड्यांवर ज्याने न पुसणारी खूण करीत, तो त्याचा रस. टाचेच्या भेगेत बिब्बा घालणारे लोक आजही आहेत, आणि त्याने अंगावर फोड उठून हैराण झालेलेही आहेत. दारातली कोरफड घ्या. तिचा पांढरा गर थंडावा देतो, पण पान कापताच सालीलगत जो पिवळा, कडू चीक निघतो तो कातडीला चावतो. पान उभे धरून तो निथळू द्यावा, गर धुवावा, मग लावावा. तेव्हा कोणतेही नवे तेल वा पाला असो, आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर पाच-सात दिवस लावून पाहावा. लाली नाही, खाज नाही, तर पुढे जावे. तान्ह्या मुलाच्या लाल झालेल्या किंवा पाझरणाऱ्या कातडीला मात्र नर्सताईंना विचारल्याशिवाय काहीच लावू नये.

शिक्षकमित्रहो, आता थोडे तुमच्यासाठी. आश्रमशाळेत मुले दाटीवाटीने झोपतात. एखादे मूल रात्री फार खाजवते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला बारीक पुरळ दिसतो. ही खरूज असू शकते. ती एका सूक्ष्म किड्यामुळे होते आणि मोहटेलाने तो किडा मरत नाही. परमेथ्रिनचे मलम मानेपासून तळपायापर्यंत रात्रभर लावावे लागते, आठवड्याने पुन्हा लावावे लागते, आणि तेही एकत्र राहणाऱ्या सगळ्यांनी एकाच वेळी. कपडे-पांघरुणे गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकावीत. एकट्यादुकट्याला औषध दिले तर महिन्याभरात खरूज परत आलीच म्हणून समजा.

नायट्याचे दुसरेच संकट आहे. बाजारातून कुणाला न विचारता एखादी ट्यूब आणायची. तिच्यात स्टेरॉइड असते. दोन दिवसांत लाली उतरते, माणूस खूश होतो, आणि खाली बुरशी मात्र पसरत जाते. कातडी पातळ होते ती वेगळीच. आणि एक खूण कधीही विसरू नका. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे, खाजत नाही, दुखत नाही, आणि तिथे स्पर्श कळत नाही, तर त्यावर तेल चोळत बसू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. सरकारी दवाखान्यात त्याचे औषध फुकट मिळते, सहा ते बारा महिन्यांत रोग पुरता बरा होतो. उशीर झाला तर मात्र हातापायांची बोटे अधू होतात. चट्ट्यावर तेल लावून गेलेला एकेक महिना असा महागात पडतो.

मोहटेलाची थोरवी कमी करण्यासाठी मी हे सांगत नाही. त्याचे काम लिंप्याचे आहे. ते काम त्याच्याकडून घ्यावे, आणि रोगाचे काम दवाखान्यावर सोपवावे. ही सीमा ज्या घरातल्या आजीला आणि ज्या शाळेतल्या गुरुजींना कळली, तिथे मुलांच्या अंगावर दुखणे सहसा चिघळणार नाही.

शेवटी झाडाविषयी. जव्हार-मोखाडा हा अनुसूचित भाग आहे. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी गौण वनोपजावर ग्रामसभेचा आणि तिथल्या लोकांचा हक्क मानला आहे, आणि मोहटी त्यातच येते. तेव्हा यंदा मोहटी वेचाल तेव्हा सगळी पोती व्यापाऱ्याच्या तराजूवर चढवू नका. घरापुरती पायलीभर बाजूला काढा, नीट वाळवा आणि तेल काढून आणा. वीटभट्टीवर जाताना भांड्याकुंड्यांच्या गाठोड्यात त्या तेलाची एक बाटली असू द्या. तिकडच्या कोरड्या वाऱ्यात तुमच्या हातांना तिचा उपयोग होईल.