कात्रीखालून परतलेला चित्रपट

देवासहून इंदूरमार्गे धारला जावयाचे म्हणजे शंभरएक किलोमीटरचा रस्ता. शाळेची सहल घेऊन हा प्रवास मी अनेकदा केला आहे. धारला पोहोचल्यावर मुले किल्ल्यावर रमतात. लाट मशिदीपाशी ठेवलेले प्राचीन लोहस्तंभाचे तीन तुकडे पाहून तो अखंड असताना केवढा उंच असेल याचे हिशेब मांडतात. मी मात्र त्यांना आवर्जून सांगतो ती एका अर्ध्या नाटकाची गोष्ट. तेराव्या शतकाच्या आरंभी माळव्यावर राज्य करणारा परमार राजा अर्जुनवर्मा याच्या दरबारी मदन नावाचा कवी होता. त्याने 'पारिजातमंजरी' ही चार अंकांची नाटिका रचली आणि ती दगडावर कोरली गेली. 1903 साली धार संस्थानच्या शिक्षणखात्याचे अधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांना तिची एक शिळा भोजशाळेच्या वास्तूत गवसली. तिच्यावर पहिले दोन अंक आहेत. विजयी राजाच्या वक्षावर पारिजाताची मंजरी पडते, तिची युवती होते, राजा तिच्यावर लुब्ध होतो, राणीच्या मनात संशय शिरतो, आणि तेवढ्यावर दगड संपतो. उरलेल्या दोन अंकांची शिळा सापडलेली नाही.

"मग पुढं काय झालं, सर?" हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतोच, आणि दर वर्षी माझ्यापाशी त्याला उत्तर नसते.

आज मी आपल्याशी बोलणार आहे तो अशाच एका खंडित कलाकृतीविषयी. ती दगडावरची नव्हे, फिल्मवरची आहे. तिचे हरवलेले अंक मात्र एक्क्याऐंशी वर्षांनंतर सापडले. म्हणूनच अर्धी कलाकृती आणि पुरी कलाकृती यांत नेमका काय भेद असतो, हे तिच्या निमित्ताने ताडून पाहता येते. ही कलाकृती म्हणजे 1927 साली बर्लिन येथे प्रथम दाखविला गेलेला 'मेट्रोपोलिस' हा जर्मन मूकपट. विज्ञानाच्या कल्पनेवर उभारलेल्या चित्रपटांचा तो एक मूळपुरुषच म्हणावयास हवा. दिग्दर्शक होते फ्रिट्झ लांग. कथा व पटकथा त्यांची पत्नी थिया फॉन हार्बू हिची. या थियाबाईंनी लांग यांच्यापासून विभक्त झाल्यावर ज्या भारतीय तरुणाशी विवाह केला, तो अयि गणपत तेंडुलकर हा बेळगावजवळच्या बेळगुंदीचा मराठी पत्रकार होता. सुळेभावीचे कुमार गंधर्व 1948 साली देवासला आले, तेव्हापासून आम्हां देवासकरांना बेळगाव परके नाही. त्याच मुलखाचा एक धागा थेट बर्लिनच्या चित्रसृष्टीशी जुळावा, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

चित्रपटाची कथा थोडक्यात सांगतो. भविष्यकाळातील एक महानगर आहे. वरती उद्याने, क्रीडांगणे आणि गगनचुंबी इमारती. खाली जमिनीच्या पोटात यंत्रे, आणि त्यांच्याही खाली मजुरांची वस्ती. नगराचा स्वामी आहे यो फ्रेडरसन. त्याचा मुलगा फ्रेडर मजुरांचे हाल पाहून कळवळतो आणि एका मजुराच्या जागी स्वतः यंत्रापाशी उभा राहतो. भुयारांत मारिया नावाची युवती श्रमिकांना बाबेलच्या बुरुजाची कथा सांगून धीर धरावयास शिकवते. स्वामीला ते खपत नाही. रोटवांग नावाच्या संशोधकाने एक यंत्रस्त्री घडविली आहे. तिला मारियाचा चेहरा देऊन मजुरांत फूट पाडावी, असा तो डाव रचतो. पुढे दंगल होते, यंत्रे फुटतात, वस्तीत पाणी शिरते, मुले कशीबशी वाचतात. आणि अखेरीस प्रार्थनामंदिराच्या दारात मुलगा बाप व मजूर यांचे हात एकमेकांच्या हातांत देतो.

10 जानेवारी 1927 रोजी हा चित्रपट बर्लिनमध्ये दाखविला गेला, तेव्हा त्याची लांबी 4189 मीटर, म्हणजे सुमारे अडीच तासांची होती. तो काढणाऱ्या ऊफा कंपनीचे पन्नास लाख मार्कांहून अधिक द्रव्य त्यात खर्ची पडले होते आणि ती कर्जाने वाकली होती. अमेरिकेतील प्रदर्शनाचे हक्क पॅरामाउंट कंपनीकडे होते. चित्रपट फार लांब आणि गुंतागुंतीचा आहे असे ठरवून तिने चॅनिंग पोलॉक या नाटककाराकरवी तो कापविला आणि त्याचे फलकही नव्याने लिहविले. मग जर्मनीतही मूळ प्रत बाजूला पडली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तेथे जी आवृत्ती लागली, ती 3241 मीटरांची होती. जवळजवळ चौथा हिस्सा गेला. छाटलेल्या फिती कोणी जपून ठेवल्या नाहीत. आपल्याकडेही दादासाहेब फाळक्यांच्या 1913 सालच्या 'राजा हरिश्चंद्र'ची संपूर्ण प्रत आज उपलब्ध नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे जर्मनांना फार दोष देण्याचे कारण उरत नाही.

मी स्वतः हा चित्रपट प्रथम पाहिला तो विद्यार्थिदशेत, एका मित्राकडील पुसट व्हिडिओ कॅसेटवर. ती प्रत छाटलेलीच होती. त्या प्रचंड इमारती, दहा तासांचे ते घड्याळ आणि खाली मान घालून चालणारे मजुरांचे तांडे पाहून मी थक्क झालो. परंतु रोटवांग मला मुळीच कळला नाही. विस्कटलेले केस, एक कृत्रिम हात, डोळ्यांत वेड. हा माणूस यंत्रस्त्री का घडवितो, मालकावर जळतो का, आणि शेवटी मारियाला खेचीत छपरावर का नेतो, याचा काही उलगडा होईना. 'वेडा शास्त्रज्ञ' एवढीच ओळख घेऊन मी घरी परतलो.

त्या वेडामागील कारण कात्रीने नेले होते. मूळ कथेत हेल नावाची एक स्त्री आहे. रोटवांगचे तिच्यावर प्रेम होते; ती मात्र फ्रेडरसनची पत्नी झाली आणि फ्रेडरला जन्म देताना निवर्तली. रोटवांगने आपल्या घरात पडद्याआड तिचे भव्य पाषाणशिल्प उभारले आहे. एके दिवशी फ्रेडरसन तो पडदा सारतो आणि दोघे प्रौढ पुरुष एका मृत स्त्रीच्या मूर्तीसमोर भांडतात. रोटवांगची यंत्रस्त्री ही मजुरांना पर्याय म्हणून घडलेली नाही. त्याला हेल परत हवी आहे. अमेरिकन संकलनात हेल समूळ नाहीशी झाली. तिचे नाव इंग्रजीतील 'नरक' या अर्थाच्या शब्दासारखे दिसते, प्रेक्षक हसतील, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. केवळ एका नावापायी माणसाचे दुःख कथेतून वजा झाले आणि त्याच्या ठिकाणी वेड तेवढे शिल्लक राहिले!

येथे आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. रोटवांगची भूमिका करणारे रुडॉल्फ क्लाइन-रोगे हे थिया फॉन हार्बू यांचे पहिले पती. त्यांच्याशी घटस्फोट झाल्यानंतर 1922 साली थियाबाईंनी लांग यांच्याशी विवाह केला. दुसऱ्याच्या घरी गेलेल्या स्त्रीसाठी झुरणारा तो संशोधक लिहिताना लेखिकेच्या मनात काय होते, याचा तर्क मी करणार नाही. पण तो नट पडद्यावर पाहताना ही हकिगत विसरता येत नाही.

आता हे हरवलेले भाग परतले कसे, ते सांगतो. म्यूनिकच्या चित्रपट-संग्रहालयातील एन्नो पाटालास यांनी अनेक वर्षे खपून 1987 साली एक आवृत्ती सिद्ध केली. त्यांच्यापाशी फिती नव्हत्या, पण दोन साक्षीदार होते. एक, जर्मन सेन्सॉरची कार्डे. त्यांवर मूळ चित्रपटातील प्रत्येक फलकाचा मजकूर नोंदलेला होता. दुसरा, गॉटफ्रीड हुपर्ट्झ यांची मूळ स्वरलिपी. पडद्यावर काय घडत असता कोणता स्वर वाजावा, याच्या सुमारे हजार खुणा तीत होत्या. त्या कार्डांवरून आणि खुणांवरून कोणते दृश्य कोठे होते, हे ठरविता आले. 2001 साली मुर्नाऊ प्रतिष्ठानाने यापुढची शुद्ध आवृत्ती तयार केली, आणि त्याच वर्षी युनेस्कोने हा चित्रपट जगाच्या स्मृतिठेव्यात समाविष्ट केला. तरीही त्यातील गाळलेल्या जागा शब्दांनीच भराव्या लागत होत्या.

मग 2008 साली अर्जेंटिनाची राजधानी ब्वेनोस आयरेस येथील चित्रपट-संग्रहालयात 16 मिलिमीटरची एक निगेटिव्ह मिळाली. 1928 साली तेथील एका वितरकाने मूळ लांब प्रत जर्मनीतून नेली होती. तिच्यावरून ही निगेटिव्ह पुढे काढली गेली. त्या संग्रहालयाच्या संचालिका पाउला फेलिक्स-दिदिएर आणि चित्रपट-अभ्यासक फर्नांदो पेन्या यांनी ती ओळखली. तिच्यातून सुमारे पंचवीस मिनिटांचे चित्रण परत आले आणि 12 फेब्रुवारी 2010 रोजी बर्लिन व फ्रँकफुर्ट येथे एकाच वेळी नवी आवृत्ती दाखविण्यात आली.

ती आवृत्ती मी पाहिली तेव्हा रोटवांग मला प्रथमच माणूस वाटला. छपरावर मारियाला ओढून नेणारा तो पुरुष तिला हेल समजतो आहे, हे उमगताच मागे ज्या दृश्याला मी हसलो होतो, तेच पाहताना माझा जीव गलबलला. दुय्यम पात्रेही आता आपापल्या पायांवर उभी राहिली होती. फ्रेडरच्या पाळतीवर असलेला तो सडपातळ हेर आता खरोखर भीती घालतो. फ्रेडरशी कपडे बदलणारा 11811 क्रमांकाचा मजूर पूर्वी क्षणभर दिसून लुप्त होत असे. आता कळते की खिशात आयता पैसा येताच तोही नगरातील रंगमहालाच्या मोहात पडला. मजूर तेवढे भोळे आणि धनिक तेवढे दुष्ट, अशी सोपी वाटणी मूळ कथेत नव्हतीच. ती कात्रीने निर्माण केली होती.

श्रोतेहो, लांब ते सर्व चांगले, असे मात्र मी म्हणत नाही. 1984 साली जॉर्जिओ मोरोडर यांनी रंगछटा आणि गाणी घालून या चित्रपटाची जेमतेम दीड तासाची आवृत्ती काढली. जाणकारांनी नाके मुरडली, पण तिच्यामुळे अनेक तरुण या चित्रपटाकडे वळले. शिवाय पूर्ण आवृत्तीतही शेवट दुबळाच आहे. डोके आणि हात यांच्यामध्ये हृदयाने मध्यस्थी करावी हा बोध ऐकावयास गोड. परंतु हस्तांदोलनाने मजुराचे तास कमी होत नाहीत. लांग यांनाही उत्तरायुष्यात तो शेवट पटत नव्हता. एच. जी. वेल्स यांनी 1927 सालीच न्यूयॉर्क टाइम्समध्ये या चित्रपटाचा मूर्खपणा म्हणून धिक्कार केला होता. त्यांचे काही आक्षेप पूर्ण आवृत्तीलाही लागू पडतात. पण दोष द्यावयाचा तो कर्त्याच्या कृतीला द्यावा. कापणाऱ्याच्या कृतीबद्दल कर्त्याला शिक्षा होऊ नये.

2010 च्या आवृत्तीतील आणखी एक गोष्ट मला विशेष आदरणीय वाटते. अर्जेंटिनाहून आलेली दृश्ये ओरखड्यांनी भरलेली आहेत, त्यांची चौकटही थोडी लहान आहे. ती तशीच ठेवली आहेत. दोन प्रसंग अद्याप उपलब्ध नाहीत: प्रार्थनामंदिरातील संन्याशाचे प्रवचन, आणि फ्रेडरसन व रोटवांग यांची झटापट. तेथे काळ्या पडद्यावर हकिगत लिहून दाखविली आहे. नवे चित्रण घेऊन ठिगळ लावण्याचा मोह त्यांनी आवरला.

हे मी एवढ्या आस्थेने बोलतो, कारण ही कात्री मीही चालविली आहे. काही वर्षांपूर्वी नाताळच्या संमेलनासाठी मी मुलांकडून उधळ्या पुत्राच्या दृष्टांतावर एक नाटुकले बसविले होते. वेळ वीस मिनिटांचा. आमचे नाटक जाई तीस मिनिटे. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी मी थोरल्या भावाचा प्रवेश काढून टाकला. धाकटा परत येतो, बाप त्याला मिठी मारतो, मेजवानी होते, पडदा पडतो. टाळ्या खूप झाल्या. थोरल्याचे काम करणारा मुलगा आतल्या बाजूस दोरी धरून उभा होता. सर्व पांगल्यावर तो माझ्यापाशी आला. आपले काम गेले, अशी तक्रार त्याने केली नाही. एवढेच म्हणाला, "सर, थोरला रुसून दाराबाहेर राहिला आणि बाबा त्याचीही समजूत घालायला बाहेर आले, हे आज कोणालाच कळलं नाही."

मी निरुत्तर झालो. आयुष्यभर निमूटपणे राबणाऱ्या माणसाच्या मनातही दुःख असते, आणि बापाला तेही कळते. दृष्टांताचे हे अर्धे मर्म मी दहा मिनिटांच्या लोभाने कापून टाकले होते. पुढच्या वर्षी ते नाटक पूर्ण करावयाचे मी ठरविले. पण तोवर त्या मुलाच्या वडिलांची बदली झाली आणि ते कुटुंब गाव सोडून गेले. थोरल्याचे काम दुसऱ्याच मुलाने केले.

म्हणून आता धारला गेल्यावर "पुढं काय झालं, सर?" असे कोणी विचारले, की मी पूर्वीप्रमाणे माझ्या पदरचा शेवट जुळवून सांगत नाही. दोन अंक येथे आहेत, दोन हरवले आहेत, एवढेच सांगतो. कोठेतरी कोणीतरी ती दुसरी शिळा ओळखील, अशी आशा धरावयास बर्लिन आणि ब्वेनोस आयरेसच्या या कथेने आपल्याला जागा दिली आहे. तोपर्यंत ती जागा मोकळी ठेवणे आपल्या हाती आहे.